अंग, पिशवी आणि लेसर : सातारा-सांगली प्रदेशातील स्त्रीरोगोपचारांचा शब्देतिहास

(१)

कृष्णाकाठच्या ज्या भूभागास आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणून ओळखले जाते, तो प्रदेश दीर्घकाळ परस्परांशी निगडित होता. सांगली, मिरज इत्यादी संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करण्यात आले. पुढे १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १६ मे रोजी, अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने जगातील पहिला लेसर किरण निर्माण केला. या घटनांमध्ये कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. तथापि, त्या किरणाचा पुढील साठ वर्षांतील प्रवास पाहता पाहता तो या प्रदेशातील स्त्रियांच्या अत्यंत खाजगी दुखण्यांपर्यंत येऊन पोहोचला. हा प्रवास केवळ उपकरणांचा नाही. तो शब्दांचाही आहे.

स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या व मूत्रमार्गाच्या रोगांवरील उपचारांचा इतिहास साधारणतः शस्त्रक्रिया, औषधे व रुग्णालये यांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. रोगी आणि वैद्य यांच्यामध्ये प्रथम उभा राहतो तो शब्द. कोणत्या दुखण्यास नाव आहे, कोणत्यास नाही, आणि जे नाव आहे ते काय दाखविते व काय झाकते, यावर उपचार कोणता व केव्हा होणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. या विधानाची तीन शब्दांच्या आधारे परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते शब्द म्हणजे ‘अंग’, ‘पिशवी’ आणि ‘लेसर’.

(२)

प्राचीन वैद्यकात या रोगांची नावे सविस्तर आणि निःसंकोच आहेत. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या दोन्ही ग्रंथांत योनिव्यापदांचे वीस प्रकार वर्णिले आहेत. रजःस्रावाच्या अतिरेकास ‘असृग्दर’ अथवा ‘प्रदर’ अशी संज्ञा आहे. मूत्राश्मरीवरील शस्त्रकर्माच्या प्रकरणात सुश्रुताने स्त्रियांविषयी एक स्वतंत्र सूचना केली आहे, ती येथे विशेष महत्त्वाची आहे. स्त्रीचा गर्भाशय मूत्राशयाच्या निकट असल्यामुळे शस्त्र वरच्या दिशेने चालवावे, अन्यथा मूत्र झिरपणारा व्रण मागे राहील, असा तिचा आशय आहे. गर्भाशय व मूत्राशय यांचे सान्निध्य आणि त्यातून उद्भवणारे संकट या दोहोंची जाण त्या काळी होती, हे यावरून स्पष्ट दिसते. आधुनिक वैद्यकाने स्त्रीरोग व मूत्ररोग अशी दोन वेगळी दालने केली आणि ती जोडण्याची गरज त्यास पुन्हा अलीकडे भासू लागली.

परंतु या संस्कृत संज्ञा घरातील स्त्रीच्या ओठांवर क्वचितच आल्या. बोली मराठीने आपला निराळा शब्दसंग्रह निर्माण केला आणि त्याच्या केंद्रस्थानी ‘अंग’ हा शब्द आहे. रक्तस्राव अथवा श्वेतस्राव होऊ लागला की ‘अंगावरून जाते’. गर्भाशय खाली सरकून योनिमार्गाबाहेर आला की ‘अंग बाहेर येते’ किंवा ‘मायांग येते’. या सर्व ठिकाणी ‘अंग’ म्हणजे संपूर्ण शरीर, शरीराचा एक भाग आणि नाव न घेण्याजोगा भाग, असे तिन्ही अर्थ एकाच वेळी सूचित होतात. ऋतुप्राप्तीस ‘पदर येणे’, रजोदर्शनास ‘कावळा शिवणे’ अथवा ‘बाहेर बसणे’ म्हणणारी जी संकोचवृत्ती, तीच येथेही कार्य करते.

या वाक्प्रचारांची व्याकरणिक रचना तपासली असता आणखी एक गोष्ट दृष्टीस पडते. जाणे, येणे, सुटणे, लागणे ही त्यांतील क्रियापदे सर्व अकर्मक आहेत. ‘खोकताना लघवी सुटते’, ‘उन्हाळी लागली आहे’, ‘पांढरे जाते’ या वाक्यांत रोगी स्त्री कर्त्याच्या स्थानी नाही. ती जणू घटनास्थळ आहे. जिच्यामध्ये ती खऱ्या अर्थाने कर्ता होते अशी रचना एकच, आणि ती म्हणजे ‘दुखणे अंगावर काढणे’. उपचार न घेता सोसत राहण्यासाठी मराठीत हाच सर्वपरिचित वाक्प्रचार आहे. त्यातही पुन्हा ‘अंग’च यावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

अर्थात, भाषेमुळेच स्त्रिया उपचारावाचून राहिल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दारिद्र्य, अंतर, पुरुष वैद्यासमोर तपासणीस बसण्याचा संकोच आणि कुटुंबातील अग्रक्रम ही कारणे बलवत्तर होती. भाषेने या कारणांना आवरण पुरविले, एवढेच.

(३)

या आवरणास छेद देण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात हिंदू स्त्रियांसाठी हिंदू स्त्रीवैद्यांची आवश्यकता प्रतिपादिली. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कृष्णाकाठी हे कार्य संस्थारूपाने आले ते मिरजेस. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यवैद्य विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले आणि संस्थानी प्रदेशातील हे लहानसे गाव हळूहळू दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांचे शस्त्रक्रियाकेंद्र बनले. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. कऱ्हाडसारख्या ठिकाणीही पुढे वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशात उपचारांची साधने दुर्मिळ राहिली नाहीत.

साधने आली, पण शब्द आले काय? या प्रश्नाचे उत्तर सातारा-सांगलीत नव्हे, तर राज्याच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीत मिळाले. राणी बंग, अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील दोन गावांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ६५० स्त्रियांची तपासणी केली असता, आपणास काही त्रास होतो असे सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. प्रत्यक्षात एक वा अधिक स्त्रीरोग आढळलेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र ९२ टक्के होते. यापूर्वी अशा तक्रारीसाठी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया सुमारे आठ टक्केच भरल्या. बोललेले दुखणे आणि असलेले दुखणे यांमधील हे अंतर जगातील सार्वजनिक आरोग्यशास्त्राने प्रथमच इतक्या स्पष्टपणे पाहिले. गडचिरोली व कृष्णाकाठ यांची सामाजिक स्थिती भिन्न आहे. पण ‘अंगावर काढणे’ ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे.

(४)

याच काळात लेसर प्रयोगशाळेतून शस्त्रक्रियागृहात येत होता. या इतिहासात महाराष्ट्राचा एक थेट धागा आहे आणि तो साताऱ्याच्या सीमेलगतचा आहे. कार्बन डायॉक्साइड वायूवर चालणारा लेसर शोधणारे चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि बेल प्रयोगशाळेत संशोधन करीत असता १९६४ मध्ये त्यांनी हा लेसर सिद्ध केला. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असून पाणी ती अतिशय त्वरेने शोषून घेते. शरीरातील मृदू ऊतींमध्ये पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे हा किरण पृष्ठभागावरच शोषला जातो; तेथील पेशींची वाफ होते व खालच्या थरास फारशी इजा पोहोचत नाही.

हा गुण शल्यवैद्यांच्या ध्यानात येण्यास विलंब लागला नाही. इस्रायलमधील आयझॅक कॅप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये गर्भाशयमुखावरील व्रणसदृश विकृतीवर या लेसरचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्कपूर्व विकृतींवर हा उपचार रूढ झाला. दुसरा महत्त्वाचा टप्पा १९८१ चा. अमेरिकेतील मिल्टन गोल्डरॅथ यांनी अतिरक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये दुर्बिणीद्वारे लेसरचा तंतू गर्भाशयात नेऊन केवळ आतील अस्तर नष्ट करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. येथे वापरलेला निओडायमियम लेसर कार्बन डायॉक्साइडच्या लेसरहून अधिक खोल जातो आणि म्हणूनच या कामास योग्य ठरला. मूत्रमार्गाच्या क्षेत्रात १९९० नंतर होल्मियम लेसरने मुतखडा आतल्या आत फोडण्याची पद्धती प्रस्थापित झाली. ज्या खड्यासाठी सुश्रुताने शस्त्राची दिशा सांगितली होती, त्यासाठी आता बाहेरून छेद घेण्याचीही आवश्यकता पुष्कळदा उरली नाही.

गोल्डरॅथ यांच्या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या यंत्रापेक्षा तिच्यामागील विचारात अधिक आहे. स्राव होतो म्हणून संपूर्ण अवयव काढण्याचे कारण नाही. दोष अस्तरात असेल तर उपचार अस्तरापुरता असावा, हा तो विचार होय. कालांतराने त्याच हेतूने उष्ण द्रवाचा फुगा, संप्रेरक सोडणारी गर्भाशयातील तांबीसदृश योजना इत्यादी अधिक सुलभ उपाय आले व अस्तरनाशासाठी लेसरचा वापर मागे पडला. विचार मात्र टिकला. तो कृष्णाकाठच्या उसाच्या फडापर्यंत पोहोचला काय, हे पाहण्यासाठी दुसऱ्या शब्दाकडे वळले पाहिजे.

(५)

‘गर्भाशय’ या संज्ञेचा लौकिक पर्याय ‘गर्भपिशवी’. बोलण्यात या समासाचे पूर्वपद गळून ‘पिशवी’ एवढेच उरले आहे. दीर्घ समासाचा संक्षेप होणे ही भाषेतील नित्याची प्रक्रिया आहे. परंतु येथे कोणते पद गळाले हे लक्षणीय आहे. ‘गर्भ’ गेला आणि पात्र राहिले. पात्राविषयी मनुष्य ज्या रीतीने बोलतो त्याच रीतीने मग अवयवाविषयी बोलले जाऊ लागले. पिशवी खराब होते, पिशवीला सूज येते, मुले झाल्यावर पिशवीचे काम संपते, आणि काम संपलेली पिशवी काढून टाकता येते. ‘गर्भाशय काढणे’ या शब्दप्रयोगात जो गंभीरपणा आहे तो ‘पिशवी काढणे’ यात उरत नाही.

सातारा व सांगली हे साखर कारखान्यांचे जिल्हे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजूर येथे येतात व हंगाम संपेपर्यंत फडाशेजारी कोपी घालून राहतात. या व्यवसायाची परिभाषाही विचार करण्यासारखी आहे. पती-पत्नी मिळून जी श्रमाची एक मोजणी होते तिला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती ‘उचल’, आणि कामावर न गेलेला दिवस तो ‘खाडा’, ज्याचा दंड भरावा लागतो. या मोजणीत स्त्री स्वतंत्रपणे दिसत नाही. तिची पाळी, तिची कंबरदुखी किंवा मूत्रदाह हे केवळ खाड्याच्या रूपाने दिसतात. शौचालय नाही, पाणी अपुरे, मोळ्यांचे ओझे डोक्यावर. अशा स्थितीत अंगावरून जाणे व उन्हाळी लागणे या तक्रारी न उद्भवल्या तरच नवल.

या स्त्रियांपैकी अनेकींची गर्भाशये काढली गेल्याचे वृत्त २०१९ मध्ये राज्यभर गाजले आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत तिशीतील स्त्रियाही होत्या. शस्त्रक्रिया प्रायः त्यांच्या मूळ जिल्ह्यात झाल्या. पण ज्या श्रमाने दुखणी जडली, तो श्रम कृष्णाकाठासारख्या ऊसप्रदेशांत झाला होता. देशातील अन्य राज्यांतही असेच प्रकार आढळल्याने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला व केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश एप्रिल २०२३ मध्ये देण्यात आला.

अस्तरापुरत्या उपचाराचा विचार १९८१ मध्ये जगास ज्ञात झाला होता. संसर्गासाठी स्वस्त औषधे तर त्याहून जुनी आहेत. तरीही चार दशकांनंतर पांढरे जाण्यावर ‘पिशवी काढणे’ हा उपाय सांगितला व स्वीकारला जात होता. यात अर्थकारण आहे, भीती आहे, ‘पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य आहे. त्याबरोबरच, ‘पिशवी’ या शब्दाने हा स्वीकार सुकर केला हेही मान्य करावे लागते. जो अवयव आधीच पात्र बनला होता, त्याच्या त्यागाचे परिणाम विचारण्याचे कोणास सुचले नाही.

आणि परिणाम तर असतात. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेल्यास ऋतुनिवृत्ती तत्काळ येते. हाडे लवकर ठिसूळ होतात, योनिमार्ग कोरडा पडतो, मूत्रदाह वारंवार होतो, लघवी रोखणे कठीण जाते. ऋतुनिवृत्तीनंतरच्या या लक्षणसमुच्चयात जननमार्ग व मूत्रमार्ग दोन्ही गुंतलेले असतात, हे ध्यानी घेऊन २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्यास एक संयुक्त नाव दिले. सुश्रुताने सूचित केलेले सान्निध्य अशा रीतीने आधुनिक परिभाषेत पुन्हा आले.

(६)

याच लक्षणसमुच्चयावरील उपाय म्हणून तिसरा शब्द पुढे येतो. ‘लेसर’ हे इंग्रजीत पाच पदांच्या आद्याक्षरांवरून बनविलेले नाव. मराठीने ते जसेच्या तसे घेतले. ‘क्ष-किरण’ असा शब्द घडविणाऱ्या भाषेने लेसरसाठी स्वतःचा रूढ शब्द घडविला नाही. परिणामी हा शब्द अर्थाने रिकामा व प्रतिष्ठेने भरलेला असा आला. बोलण्यात टाके नसलेली कोणतीही शस्त्रक्रिया ‘लेसरची’ होते. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ आणि ‘लेसरचे ऑपरेशन’ यांत लोक भेद करीत नाहीत. वस्तुतः दुर्बीण हे पाहण्याचे साधन आहे व लेसर हे छेदण्याचे वा तापविण्याचे. कार्बन डायॉक्साइड, निओडायमियम, होल्मियम, अर्बियम हे लेसर परस्परांहून भिन्न असून एकाचे यश दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. ‘लेसर’ हा एकवचनी शब्द मात्र नेमके तेच करतो.

योनिमार्गाच्या कोरडेपणावर व लघवी सुटण्यावर सूक्ष्म बिंदूंच्या रूपाने लेसर देण्याची पद्धती २०१० नंतरच्या दशकात वेगाने पसरली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या हेतूने ही उपकरणे सुरक्षित वा परिणामकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही, भाजणे, व्रण व दीर्घकालीन वेदना संभवतात, असा इशारा दिला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शन संस्थेने मे २०२१ मध्ये हा उपचार केवळ संशोधनापुरता करावा असे सुचविले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत ८५ स्त्रियांपैकी काहींना खरा कार्बन डायॉक्साइड लेसर व काहींना केवळ त्याचा आभास देण्यात आला. बारा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या लक्षणांत लक्षणीय अंतर आढळले नाही. बारामतीच्या सुपुत्राने शोधलेला किरण गर्भाशयमुखाच्या कर्कपूर्व विकृतीवर उपयुक्त ठरला, म्हणून तो येथेही उपयुक्त ठरलाच पाहिजे, असे नाही. याउलट, संप्रेरकयुक्त मलम आणि अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम हे साधे उपाय अधिक भक्कम पुराव्यावर उभे आहेत. त्यांना झगमगीत नाव नाही, हाच त्यांचा दोष.

साधे साधन व स्पष्ट शब्द यांच्या संयोगाने काय साधते याचे उदाहरण सांगलीहून फार दूर नाही. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली गर्भाशयमुखकर्काची चाचणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार विषाणूच्या एका तपासणीनेही त्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आढळलेल्या विकृतींवर शीतोपचार व तारेच्या फासाने छेदन यांसारखे सुटसुटीत उपाय योजण्यात आले. लेसरवाचून अडले नाही. निरोगी वाटणाऱ्या ग्रामीण स्त्रीस तपासणीस येण्याचे कारण तिच्या भाषेत समजावून सांगणे हा या कार्याचा अविभाज्य भाग होता.

(७)

वरील विवेचनातून तीन अवस्था स्पष्ट होतात. ‘अंग’ या शब्दाने दुखणे झाकले, त्यामुळे उपचार उशिरा झाले अथवा झालेच नाहीत. ‘पिशवी’ने अवयव हलका केला, त्यामुळे उपचार गरजेहून अधिक झाले. ‘लेसर’ने साधनास प्रतिष्ठा दिली, त्यामुळे उपचाराची परीक्षा होण्यापूर्वीच त्याची मागणी निर्माण झाली. तिन्ही अवस्था एकामागून एक आल्या खऱ्या, पण पहिली संपून दुसरी आली असे नाही. एकाच स्त्रीच्या आयुष्यात त्या क्रमाने घडू शकतात. विशीत तिने अंगावर काढावे, तिशीत तिची पिशवी काढली जावी, आणि चाळिशीत कोरडेपणा व लघवी सुटणे यांसाठी तिला लेसर सुचविला जावा, हा क्रम कल्पित नसून शक्य कोटीतील आहे.

यावर उपाय म्हणून केवळ संस्कृतनिष्ठ परिभाषा घडविणे पुरेसे होणार नाही. वाई येथे १९६० नंतर लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या विश्वकोशाच्या कार्याने मराठीस वैद्यकाच्या संज्ञा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिल्या. परंतु कोशातील संज्ञा आणि कोपीतील बोली यांमधील अंतर कोश भरून काढू शकत नाही. ‘मायांग’, ‘धुपणी’, ‘उन्हाळी’ हे शब्द टाकून देण्याजोगे नाहीत. ते नेमके आहेत; वैद्यकाच्या विद्यार्थ्यास ते माहीत असावयास हवेत, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने त्यांचा प्रदेशवार संग्रह करावयास हवा. सातारा, सांगली व बीड या तीन जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या बोलीचा असा संग्रह भाषाशास्त्राइतकाच सार्वजनिक आरोग्यासही उपयोगी पडेल.

संमतिपत्रावर अंगठा वा सही घेण्यापूर्वी काय काढले जाणार, काय राहणार, न काढल्यास काय होईल आणि दुसरा उपाय कोणता, हे चार प्रश्न स्त्रीस तिच्या शब्दांत विचारता आले पाहिजेत. ज्या वाक्यांत ती घटनास्थळ होती त्या वाक्यांत तिला कर्त्याचे स्थान मिळणे, हे या इतिहासातील अद्याप अपूर्ण राहिलेले कार्य आहे.